रेषेपूर्वीचा अभ्यास – लेखांक सहावा : सोंगकालीन चहा

गेल्या लेखांकात आपण पोशाखाच्या अभ्यासाचा विचार केला. या आठवड्यात त्याहून अधिक सूक्ष्म आणि माझ्या मते अधिक अवघड अशा विषयाकडे वळावयाचे आहे. अशी कल्पना करू की, एका लघुपटाची कथा बाराव्या शतकाच्या प्रारंभी, चीनमधील सोंग राजवंशाच्या राजधानीत, म्हणजे आजच्या खायफंग शहरात घडते आहे, आणि तिच्या मध्यभागी एक सेवक धन्याच्या पाहुण्यांसाठी चहा सिद्ध करीत आहे. नटाच्या हाती वाडगा दिला म्हणजे त्या वाडग्याचे वजन, वाफेचा ओघ आणि मनगटाचा ताण हे सारे कॅमेरा आपसूक टिपून घेतो. परंतु ॲनिमेशनपटात, दादासाहेब फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काडी काडी सरकवून जसे दाखवून दिले तसे, जे कोणी हलविले नाही ते हलत नाही आणि जे कोणी काढले नाही ते अस्तित्वातच नसते. सेकंदाला २४ चौकटी, आणि एक चित्र दोन चौकटींना पुरविले तरी मिनिटाला ७२० चित्रे! त्यामुळे झारी कोणत्या हातात होती, पाणी किती उंचीवरून पडत होते, घुसळणारा हात थांबत होता तो केव्हा आणि कशासाठी, असे प्रश्न इतिहासकाराने विचारले नाहीत तरी त्याचे काही अडत नाही. चित्रकाराचे मात्र पहिल्याच दिवशी अडते.

या चहाच्या बाबतीत ते विशेषच अडते, कारण ही क्रिया तिच्या मायदेशात खंडित झालेली आहे. आठव्या शतकात, तांग राजवटीत, लू यू याने चहाविषयीचा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्या वेळी चहाच्या वडीचे चूर्ण कढईतील उकळत्या पाण्यात टाकून शिजवीत असत. सोंग काळात तेच चूर्ण वाडग्यात घेऊन, त्यावर झारीने पाणी ओतून, बांबूच्या घुसळणीने फेस येईपर्यंत घुसळण्याची पद्धत रूढ झाली. पुढे १३९१ मध्ये मिंग वंशाचा संस्थापक सम्राट होंगवू याने, वड्या तयार करण्यात रयतेचे अतोनात श्रम खर्ची पडतात म्हणून, नजराण्यादाखल वड्या पाठविण्याची चाल फर्मान काढून बंद केली आणि सुट्या पानांचा चहा दरबारी मान्य झाला. त्यानंतर घुसळणी चीनच्या घराघरांतून हळूहळू नाहीशी झाली. म्हणजे आज चीनमध्ये जाऊन एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या घरी चहा कसा करतात हे कितीही बारकाईने टिपून आणले, तरी ती टिपणे आपल्या कथेच्या उपयोगी पडणार नाहीत. त्या घरातला चहा मिंग फर्मानानंतरचा आहे.

मग उरतात ती साधने स्थिर आहेत. शान्शी प्रांतातील फामेन मंदिराचे ८७४ मध्ये बंद केलेले तळघर १९८७ मध्ये उघडले, तेव्हा तांग सम्राटाच्या चहाची चांदीची उपकरणे हाती आली, आणि त्यांत वडी दळण्याचे चाक व त्याची द्रोणी आणि चूर्ण गाळण्याची चाळणीची पेटी होती. यावरून चूर्ण किती बारीक हवे असे ते कळते. आपल्याकडील वैद्य ज्याला वस्त्रगाळ म्हणतात तसे ते असे. हपै प्रांतातील श्वेनह्वा येथे सोंगांच्या शेजारच्या ल्याओ राज्यातील एका श्रीमंत कुटुंबाच्या थडग्यांत भिंतीवर चित्रे आहेत, त्यांतील काही १०९३ च्या दफनांबरोबरची. त्यांत मुले चाक फिरवीत आहेत, शेगडी फुलवीत आहेत, आणि एका चित्रात तर चहाची कामे टाकून फळे लंपास करण्याच्या बेतात आहेत. ॲनिमेशन करणाऱ्याला याहून मोठा ठेवा मिळणे कठीण, कारण या भिंतीवरची माणसे विधीसाठी ताठ बसलेली नाहीत, ती काम करीत आहेत. तैपै येथील राजप्रासाद संग्रहालयात ल्यू सोंगन्येन या चित्रकाराचे म्हणून मानले जाणारे एक चित्र आहे. त्यात एक सेवक ठेंगण्या बाकावर बसून दगडी जात्याचा दांडा फिरवीत आहे आणि दुसरा मेजापाशी उभा राहून झारीतून पाणी ओतीत आहे. दांड्याची ती एक अवस्था चित्रात आहे, पुढची मात्र आपल्याला हवी. येथे महाराष्ट्रातला चित्रकार परका नाही. ज्याने पहाटे जात्यावर बसलेली आजी पाहिली आहे त्याला ठाऊक असते की खुंटा स्वतःकडे येताना खांदा मागे जातो, दूर जाताना कंबर पुढे झुकते, आणि वैरण टाकताना वेग क्षणभर मंदावतो. हा दगडाच्या वजनाचा हिशेब आहे आणि तो चीनमध्येही तोच.

रंगाचा प्रश्न मला सर्वांत समृद्ध वाटतो. लू यू याने निळसर हिरव्या झिलईचे यूए भट्ट्यांचे वाडगे श्रेष्ठ मानले, कारण त्यांत चहा हिरवट दिसतो, आणि शिंग भट्ट्यांच्या पांढऱ्या वाडग्यात तो तांबूस दिसतो म्हणून त्यांना कमी लेखले. तीनेक शतकांनी, १०५० च्या सुमारास, त्साय श्यांग हा अधिकारी आपल्या चहाविषयक पुस्तिकेत काळ्या वाडग्याची महती सांगतो, कारण आता फेस पांढराशुभ्र हवा होता आणि तो काळ्यावरच खुलून दिसतो. फूज्येन प्रांतातील ज्यान भट्ट्यांचे ते काळे वाडगे, सशाच्या केसांसारख्या बारीक रेघांचे, जाड भिंतीचे. जाडीमुळे उष्णता टिकते आणि उष्णता टिकली तर फेस टिकतो. चहाच्या चढाओढीत ज्याच्या वाडग्याच्या कडेला फेस ओसरून पाण्याची रेघ आधी उमटेल तो हरला. पटाचा रंगपट ठरविणाऱ्याने ही साखळी ध्यानी घेतली म्हणजे काळा वाडगा हा केवळ शोभेचा निर्णय राहत नाही. त्या रेघेसाठी वाडगा काळाच हवा, नाहीतर प्रेक्षकाला जय-पराजय दिसणारच नाही. दृश्याचे सारे नाट्य त्या कडेवर आहे, आणि मी दिग्दर्शक असतो तर दृष्टीचा कोन तिला धरूनच बसविला असता.

घुसळण्याची प्रथा जपानमध्ये जिवंत आहे, तेव्हा तेथून हालचाली उचलाव्यात असा मोह होणे स्वाभाविक आहे. एइसाई या बौद्ध भिक्षूने ११९१ मध्ये चीनहून परतताना चहा नेला, हे खरे. परंतु आज आपण जो चहाचा विधी पाहतो त्याला सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू याच्या काळात वळण लागले, आणि तेथे यजमान चटईवर गुडघे मोडून बसलेला असतो. सोंग चित्रांतला सेवक उभा आहे, मेज उंच आहे, धनी खुर्चीवर आहे. उभ्या माणसाचा कोपर निराळ्या उंचीवर येतो आणि झारीची धारही लांबून पडते. सम्राट ह्वीझोंग याने बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहिलेल्या चहाविषयक ग्रंथात घुसळणी जुन्या बांबूची, वजनदार मुठीची आणि विरळ, कणखर काड्यांची असावी असे सांगितले आहे, आणि बोटे व मनगट गोल फिरवावे असा त्याचा आग्रह आहे. जपानी घुसळणी हलकी, दाट काड्यांची, आणि तिची चाल मुख्यतः पुढे-मागे. जपानकडून फेस कसा फुगतो ते शिकावे. शरीराची ठेवण मात्र थडग्यांच्या भिंतींकडूनच घ्यावी.

ध्वनीबद्दल एकच मुद्दा. लू यू याच्या उघड्या कढईत पाण्याचे बुडबुडे डोळ्यांनी पाहता येत. सोंग काळातले पाणी अरुंद मानेच्या झारीत तापे, म्हणून उकळीचा अंदाज कानांनीच घ्यावा लागे, आणि पाण्याची वाट पाहणे हे सर्वांत कठीण असे त्साय श्यांग याने नमूद करून ठेवले आहे. सेवक ऐकतो आहे हे दाखविणे हे चित्रकाराचे काम, आणि तेथे पार्श्वसंगीत घालणे हा त्या सेवकावर अन्याय आहे.

राहिला कालावधीचा प्रश्न. ह्वीझोंगच्या ग्रंथात पाणी सात वेळा ओतण्याचा तपशील आहे: पहिल्यांदा चहावर न ओतता वाडग्याच्या कडेने सोडावयाचे, दुसऱ्यांदा पृष्ठभागावर सलग एका फेरीत झटकन ओतून झटकन थांबावयाचे, चौथ्यांदा पाणी थोडे आणि हात सावकाश. आठ मिनिटांच्या पटात सातही वेळा पूर्ण दाखविणे परवडणारे नाही, आणि सर्वांची काटछाट करून एक गोळाबेरीज हालचाल रंगविणे मला साफ नामंजूर आहे. पहिली, दुसरी व चौथी वेळ अखंड दाखवावी, कारण पाण्याची दिशा, वेग आणि प्रमाण या तीन बाबींत त्या एकमेकींहून वेगळ्या आहेत. बाकीच्या वेळी दृष्टी पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे न्यावी आणि झारीच्या धारेचा आवाज तेवढा चालू ठेवावा. पाहुण्यांच्या त्या चेहऱ्यांचा, म्हणजे चित्रकाराने पाहून आलेल्या माणसांचे पात्रांत रूपांतर कसे करावे याचा, विचार पुढील लेखांकात.