उपाशी मुलाचा पहिला घास

उपाशी मुलापुढे भरलेले ताट ठेवावे, हा माणुसकीचा सहज धर्म होय. परंतु तीव्र कुपोषणाने क्षीण झालेल्या बालकास तेच ताट प्रसंगी प्राणघातक ठरते.

दीर्घकाळ पुरेसे अन्न न मिळाल्यास शरीर आपले सारे व्यवहार आखडते घेते. हृदय, यकृत व मूत्रपिंडे मंदावतात. पोटॅशियम, फॉस्फेट इत्यादी क्षारांचा साठा खालावतो. अशा वेळी एकाएकी पुष्कळ अन्न पोटात गेले, म्हणजे रक्तातील उरलेसुरले क्षार पेशींत ओढले जातात आणि हृदयावर असह्य ताण पडतो. यास्तव रुग्णालयात प्रथम साखरेचे पाणी, आईच्या अंगाची ऊब आणि ताप नसला तरी जंतुनाशक औषध, अशी योजना असते. त्याबरोबर दूध, साखर व तेल यांचे सौम्य मिश्रण दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ उष्मांक असतात; भूक परतली की ते प्रमाण १०० वर नेतात.

कुपोषित मूल नेहमी हाडकुळेच दिसते, असे नव्हे. गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथे मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या मुलांचे पाय सुजत व कातडी सोलून निघे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ साली त्यास तेथील गा भाषेतले ‘क्वाशिओरकोर’ हे नाव दिले. धाकटे भावंड आल्यामुळे अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाचा आजार, असा त्याचा आशय. दोन्ही पावलांवर अंगठा दाबला असता खळगा राहणे, ही त्याची खूण. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरणे, हीही तीव्र कुपोषणाची खूण होय.

ज्यास भूक लागते व अन्य आजार नाही, अशा बालकावर घरीच उपचार करता येतात, हे २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी मान्य केले. शेंगदाणे, दूधभुकटी, साखर व तेल यांच्या लगद्यात जीवनसत्त्वे व क्षार मिसळलेले असतात. त्यात पाणी घालावे लागत नाही. म्हणून जंतूंचे भयही कमी.

परंतु उपचाराहून प्रतिबंध श्रेष्ठ. सहा महिने केवळ आईचे दूध, पुढे त्याच्या जोडीस वरण, अंडे, तेल-तूप घातलेले मऊ अन्न, शुद्ध पाणी आणि दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर, हा तो मार्ग. मोलमजुरीस जाणाऱ्या मातेस यासाठी वेळ व मजुरी दोन्ही हवीत. ती मिळाली नाहीत, तर बरे होऊन घरी गेलेले मूल पुन्हा त्याच खाटेवर येते.