सुरांसोबत जंतू नकोत

खाटेला खिळलेल्या लहान मुलाच्या हाती खंजिरी द्यावी, वृद्धाश्रमातील आजोबांपुढे हार्मोनियम सरकवावी आणि कोमेजलेल्या चेहऱ्यावर क्षणात तरतरी यावी, हा अनुभव संगीतोपचार करणाऱ्यांना नवा नाही. पण तीच खंजिरी अर्ध्या तासाने शेजारच्या खाटेवर जाते आणि तेथून पुढच्या कक्षात. स्टेथोस्कोप पुसला जातो, खाटेचा कठडाही पुसला जातो. वाद्याकडे मात्र संसर्गाचे वाहक म्हणून सहसा कोणी पाहत नाही. कर्करोगावरील उपचारांमुळे ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत हे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते.

जंतू कोरड्या वस्तूवर फार काळ जगत नाहीत, हा समज चुकीचा आहे. रुग्णालयांत धुमाकूळ घालणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू कोरड्या पृष्ठभागावर सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत तग धरू शकतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय आढाव्यात नमूद आहे.

निर्जंतुकीकरणाच्या शास्त्रात अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांची वर्गवारी आजही प्रमाण मानली जाते. वस्तू शरीराच्या कोणत्या भागाला लागते, यावर तिची स्वच्छता किती कडक हवी हे ठरते. केवळ धडधाकट त्वचेला लागणारी वस्तू कमी जोखमीची. तोंडातील नाजूक आवरणाला लागणारी अधिक जोखमीची. या न्यायाने खंजिरी, झायलोफोन, कीबोर्ड पहिल्या गटात मोडतात, तर माउथ ऑर्गन, बासरी, शिट्टी दुसऱ्यात.

फुंकून वाजवायच्या वाद्यांबाबत तर तडजोड नाहीच. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शालेय बँडमधील १३ वाद्ये तपासण्यात आली; त्यांत ४४२ प्रकारचे जीवाणू आणि ५८ बुरशी आढळल्या. त्यांतील काही वाद्ये महिनाभर कोणी वाजवलीही नव्हती. दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. रोज बॅगपाइप वाजविणाऱ्या एका ६१ वर्षीय इंग्रज गृहस्थांच्या मृत्यूचा वृत्तांत २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. वाद्याच्या दमट अंतर्भागात बुरशी वाढली होती आणि तीच त्यांच्या फुप्फुसांच्या विकाराला कारणीभूत ठरली असावी, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. मधल्या काळात ते तीन महिने वाद्याविना परदेशी राहिले, तेव्हा त्यांची प्रकृती सुधारली होती. तात्पर्य इतकेच, की फुंकवाद्य ज्याचे त्याचे असावे. एकाने वाजवलेले दुसऱ्या रुग्णाच्या ओठांना लागू नये.

आता खरी अडचण. जंतूंना मारणारी द्रव्ये वाद्यांनाही मारतात. लाकडी वाद्यांवर अनेकदा लाखेचे पॉलिश असते आणि ही लाख स्पिरिटमध्येच विरघळवून चढविलेली असते. साहजिकच सॅनिटायझरचा बोळा फिरवताच तकाकी उतरते, लाकूड उघडे पडते आणि त्याच्या रंध्रांत जंतूंना आयताच आसरा मिळतो! ब्लीचच्या द्रावणाने तारा गंजतात, हार्मोनियमच्या पितळी पट्ट्यांवर परिणाम होतो. तबल्याची पुडी ही तर कातडी. तिच्यावरील शाई लोहकीस व खळीची. ती ओली करणे म्हणजे वाद्याचा घात.

म्हणून प्रश्न ‘वाद्य कशाने पुसावे’ हा नसून ‘कोणते वाद्य रुग्णाच्या हाती द्यावे’ हा आहे. जे पुसता येत नाही, ते रुग्णाने ऐकावे, हाताळू नये. तबला वादकाच्याच पुढ्यात राहिला तर बिघडत नाही. रुग्णांसाठी प्लास्टिकच्या पडद्याचे डफ, गुळगुळीत व सांधे नसलेले खुळखुळे, धुता येतील अशी वाद्ये निवडावीत. पिसे, लोकर, दोऱ्यांची गुंफण, चिकटवलेले कागद असलेली वाद्ये टाळलेली बरी.

पुसण्याचीही रीत आहे. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढावा, कारण मळाखाली जंतुनाशक पोहोचत नाही. मग जंतुनाशक लावून पृष्ठभाग डब्यावर लिहिलेला वेळ, म्हणजे प्रसंगी काही मिनिटे, ओला राहू द्यावा. लावले आणि लगेच कोरडे केले, हीच सर्वाधिक घडणारी चूक होय. अल्कोहोल साधारण ७० टक्के असावे. जंतूंच्या प्रथिनांचा नाश होण्यास पाण्याचीही गरज असते, त्यामुळे अधिक तीव्र द्रावण अधिक गुणकारी नसते. विजेवरच्या कीबोर्डवर फवारा मारू नये, फडका ओला करून पट्ट्या पुसाव्यात. पुसलेली व न पुसलेली वाद्ये एकाच पिशवीत कोंबली तर सारी मेहनत वाया; पिशवीही धुता येणारी हवी.

अल्कोहोल सर्वशक्तिमान नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तीव्र जुलाब घडविणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे बीजाणू त्याला दाद देत नाहीत. तेथे हात साबणाने धुणे आणि वस्तूंसाठी क्लोरीनयुक्त द्रावण वापरणे, हाच उपाय. अतिनील किरणांच्या पेट्यांचाही गाजावाजा होतो. पण किरण जेथे पोहोचत नाहीत, त्या फटीतले जंतू सुखरूप राहतात. तांब्याच्या मिश्रधातूंवर जीवाणू मरतात, हे मात्र खरे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००८ मध्ये तशी नोंदही केली. तरी त्याला काही तास लागतात; टाळ हातोहात फिरत असताना तेवढी उसंत कोठून मिळणार?

विलगीकरणातील रुग्णासाठी वाद्य खोलीतच ठेवावे आणि तो घरी गेल्यावर सावकाश स्वच्छ करावे. श्वसनविकार असल्यास नुसते गाणेही निर्धोक नसते: मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात समूहगानाच्या एका तालमीतून पन्नासहून अधिक जणांना कोविड झाला होता. अशा वेळी मुखपट्टी, अंतर आणि उघडी खिडकी यांना पर्याय नाही. इतर प्रसंगी मात्र वाद्य हाती घेण्यापूर्वी आणि ठेवल्यावर रुग्ण व वादक या दोघांनीही हात धुतले, तर निम्मे काम फडक्याआधीच झालेले असते.