‘रायट’ आणि रयत

इंग्रजीतील ‘रायट’ हा शब्द आणि इंग्रजीने आपल्याकडून उचललेला ‘रयत’ हा शब्द यांचा व्युत्पत्तीने एकमेकांशी काहीही संबंध नाही. पहिला जुन्या फ्रेंचमधून आला, दुसरा अरबी-फारसीमार्गे आपल्या महसुली दप्तरात शिरला. इंग्रजी उच्चारात मात्र दोन्ही जवळजवळ एकच होतात. या योगायोगाची आठवण होण्याचे कारण १८७५ सालच्या मे महिन्यात पुणे व नगर जिल्ह्यांत घडलेल्या घटना. इंग्रजीत त्यांना ‘डेक्कन रायट्स’ म्हटले गेले आणि आपणही त्याचे भाषांतर करून ‘दख्खनचे दंगे’ म्हणू लागलो. त्या नावाने काय दाखवले आणि काय झाकले, हे तपासण्यासारखे आहे.

प्रकरणाचा आरंभ दंग्याने झालाच नव्हता. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडावयास घेतले. गावाने हात उगारला नाही. सावकाराची कामे बंद केली, न्हाव्या-परटांनी त्याला सेवा नाकारली आणि पाहता पाहता ही रीत आसपासच्या गावांत पसरली. मराठीत याला ‘वाळीत टाकणे’ हा जुना शब्द होता. इंग्रजीत तेव्हा सुटसुटीत शब्दच नव्हता. ‘बॉयकॉट’ हा शब्द रूढ झाला तो १८८० मध्ये, आयर्लंडमधील मेयो परगण्यातील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी व्यवहार तोडल्यावर. मेयोच्या कुळांचे कृत्य शब्दकोशात गेले. सहा वर्षे आधीचे करडेकरांचे तेच कृत्य बिननावाचे राहिले.

नाव मिळाले ते आगीला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि सावकारांच्या वह्या व रोखे त्यांनी रस्त्यावर जाळले. (सुपे आज बारामती तालुक्यात आहे, जुन्या भीमथडीचा मोठा भाग आता दौंड तालुक्यात मोडतो.) चार दिवसांनी पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने पोलीस आयुक्तांना जे पत्र लिहिले, त्यात अंदाजे नुकसान २५ हजार रुपयांहून अधिक, तर सावकारांच्या म्हणण्यानुसार लाखावर, असे नमूद आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने या दोन आकड्यांपाशी थांबावे. जळालेल्या धान्याची किंमत बाजार सांगतो. जळालेल्या रोख्याची किंमत कोणी सांगावयाची? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानुसार रोखा तीन वर्षांनी बाद होई. म्हणून व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहिला जाई. ऋणकोच्या हाती पैसा न पडताही कागदावरचे कर्ज वाढत जाई.

‘रायट’ या शब्दात हे काहीच मावत नाही. १८६० च्या दंडसंहितेने पाच किंवा अधिक माणसांच्या बेकायदा जमावाने बळ वापरले की तो दंगा, अशी व्याख्या केली. या व्याख्येत जमाव आहे, बळ आहे. रोखा नाही, सारा नाही. पुणे व नगर मिळून ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा झाली. वस्तुतः जेथे कागद मुकाट्याने हाती दिले गेले तेथे जमावाने बहुधा पुढे काही केले नाही, हे सरकारी चौकशीतच नोंदले आहे. तरीही पार्लमेंटपुढे १८७८ मध्ये आलेल्या अहवालाच्या शीर्षकात शब्द राहिला तो ‘रायट्स’ हाच.

दंगा म्हटला की मारणारा आणि मार खाणारा, असे दोनच पक्ष डोळ्यांपुढे येतात. तिसरा आपोआप बाजूला होतो. येथे तिसरा पक्ष सरकार होते. अमेरिकन यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला भाव आला, पत वाढली; युद्ध संपताच भाव उतरले. नेमक्या त्यानंतर झालेल्या फेरआकारणीत अनेक गावांचा सारा ५० ते १०० टक्क्यांनी चढला. आयोगाने मुख्यतः सावकाराकडे बोट दाखवून साऱ्याला दोषमुक्त केले. त्याच आयोगाचे सभासद ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र आकारणीवर स्वतंत्रपणे टीका केली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साह्य कायद्याने न्यायाधीशास रोख्यामागचा व्यवहार उकरण्याचा अधिकार दिला, ही रयतेची खरी कमाई होती. परंतु तो कायदाही धनको-ऋणकोंपुरताच होता.

आज शिरूर-दौंडच्या हमरस्त्यावर कांद्याच्या किंवा उसाच्या भावासाठी शेतकरी बसला की बातमीत वाहनांची रांग किती लांबली, टायर किती जळाले, गुन्हे किती जणांवर दाखल झाले, हे बिनचूक येते. तो कशासाठी बसला, कोणाचे किती देणे थकले आणि कोणत्या निर्णयाने भाव पडला, हे शेवटच्या परिच्छेदात येते. जागा कमी पडली की तोच परिच्छेद गळतो. भारतीय न्याय संहितेतही दंग्यासाठी माणसांची संख्या पाचच आहे. कायद्याला एवढी व्याख्या पुरते. वृत्तपत्राला ती पुरू नये. सुप्याच्या रस्त्यावर काय जळत होते, हे त्या कागदांवर लिहिलेले होते. बातमीदाराने जमाव मोजावाच, पण ते कागदही वाचावेत.