आपल्या हाती काय आहे? स्टोइक विचार आणि त्याचे दैनंदिन उपयोजन : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रास्ताविक

'स्टोइक' हा शब्द मराठी वाचकापर्यंत बहुधा अर्ध्याच अर्थाने पोहोचला आहे. ज्याला सुखदुःख जाणवत नाही, जो कशानेही विचलित होत नाही, असा दगडी मनाचा माणूस म्हणजे स्टोइक, अशी समजूत विद्यार्थ्यांची असते आणि अध्यापकवर्गातही ती क्वचितच तपासली जाते. गेल्या काही वर्षांत आत्मविकासपर पुस्तकांनी या तत्त्वज्ञानाला पुन्हा लोकप्रिय केले; परंतु त्यामुळे ही समजूत दूर होण्याऐवजी दृढच झाली. प्रस्तुत लेखात स्टोइक विचारातील एका मध्यवर्ती भेदाचा, म्हणजे 'आपल्या अधीन असलेले' आणि 'आपल्या अधीन नसलेले' या भेदाचा, परामर्श घेतला आहे. हा भेद बीडसारख्या पर्जन्यछायेच्या, ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या जिल्ह्यात शिकवताना कोणती काळजी घ्यावी लागते, हा लेखाचा मुख्य विषय होय.

ओसरीवरचे तत्त्वज्ञान

इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास सायप्रस बेटावरील किटियम येथील झेनो याने अथेन्समधील एका चित्रित ओसरीत शिकवण्यास प्रारंभ केला. 'स्टोआ' म्हणजे खांबांची ओसरी. त्यावरून पंथाला नाव मिळाले. बाजारपेठेलगतच्या, येणाऱ्याजाणाऱ्यास खुल्या असलेल्या जागेत हे तत्त्वज्ञान जन्मले ही बाब लक्षणीय आहे. आपल्याकडील कीर्तनाचा मांडव आणि स्टोआ यांत अंतर पुष्कळ, पण ऐकणाऱ्याला दार बंद नसणे हा धागा समान आहे.

या पंथाच्या आरंभीच्या आचार्यांचे ग्रंथ जवळजवळ नष्ट झाले. आज जे उपलब्ध आहे ते प्रामुख्याने तीन रोमनकालीन विचारवंतांचे : राजदरबारी मुत्सद्दी सेनेका, दास म्हणून जगलेला एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस. 'एपिक्टेटस' या शब्दाचा ग्रीक अर्थच 'मिळवलेला', म्हणजे विकत घेतलेला, असा आहे. दास्यातून मुक्त झाल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हद्दपार केल्यानंतर त्याने निकोपोलिस येथे पाठशाळा काढली. त्याने स्वतः काहीही लिहिले नाही. एरियन या शिष्याने टिपून ठेवलेली प्रवचने आणि त्यांतून निवडलेली छोटी 'हस्तपुस्तिका' एवढाच त्याचा वारसा होय.

या हस्तपुस्तिकेचा आरंभच उपरोक्त भेदाने होतो. आपले मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न आपल्या अधीन असतात. शरीर, संपत्ती, कीर्ती आणि पद पूर्णतः आपल्या अधीन नसतात. माणूस दुःखी होतो तो या दोहोंची गल्लत केल्यामुळे. येथे 'भावना मारा' असे कोठेही म्हटलेले नाही. बाहेरून एखादी प्रतिमा मनावर उमटते, तिला आपण संमती देतो किंवा नाकारतो, आणि त्या संमतीतून विकार निर्माण होतो, अशी ही उपपत्ती आहे. विवेकाचे काम त्या संमतीच्या क्षणी थांबून पाहण्याचे.

विवेक : मराठीतील एक शब्द, तीन प्रवास

'विवेक' हा शब्द येथे सहज वापरला गेला, पण बीड जिल्ह्यात तो सहज वापरावा असा शब्द नाही. मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानल्या जाणाऱ्या 'विवेकसिंधू'चा कर्ता मुकुंदराज याची समाधी अंबाजोगाईस असल्याचे परंपरा मानते. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगितला जातो. काळाविषयी आणि विदर्भातील अंभोरा की मराठवाड्यातील अंबाजोगाई याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या वादाचा निकाल येथे अभिप्रेत नाही. मुकुंदराजाचा विवेक अद्वैताचा आहे : आत्मा आणि अनात्मा यांची निवड. स्टोइकांचा विवेक मात्र संसारात उभ्या असलेल्या माणसाच्या निर्णयाचा आहे. दोन्हींना एकच म्हणण्याचा मोह तुलनात्मक निबंधांत वारंवार दिसतो. तो टाळणे बरे.

साधर्म्य अधिक जवळचे आहे ते समर्थ रामदासांशी. त्यांचे जन्मगाव जांब हे बीड जिल्ह्याच्या शेजारील जालना जिल्ह्यातले. 'मनाचे श्लोक' ही रचना दुसऱ्या कोणाला नव्हे, तर मनाला उद्देशून आहे. मार्कस ऑरेलियसच्या टिपणांचे परंपरेने आलेले ग्रीक शीर्षकही 'स्वतःसाठी' अशाच अर्थाचे आहे. डॅन्यूबच्या मोहिमेवर, साथीच्या रोगाने साम्राज्य पोखरले जात असता, सम्राट रात्री स्वतःलाच बजावत होता. दोन्हीकडे सांगणारा आणि ऐकणारा एकच आहे. या व्याकरणिक बाबीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

विवेकाचा तिसरा प्रवास विसाव्या शतकातला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिचे मूळ आपण एपिक्टेटसकडून घेतल्याचे त्यांनी वेळोवेळी नमूद केले. घटना थेट दुःख देत नाही. घटना आणि दुःख यांच्यामध्ये माणसाचा दृष्टिकोन असतो, हे त्यांचे सूत्र. ही पद्धती भारतात रुजवण्याचे मोठे श्रेय मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांना जाते. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. डॉ. अंजली जोशी यांनी मराठीत हा विषय विस्ताराने मांडला. 'मी अल्बर्ट एलिस' ही त्यांची चरित्रात्मक कादंबरी परिचित आहे. या विचाराला मराठीत 'विवेकनिष्ठ' हे विशेषण लाभले. अशा रीतीने एका रोमन दासाचा विचार न्यूयॉर्कमार्गे मुंबईला येऊन, मुकुंदराजाच्या ग्रंथनामातील शब्द धारण करून मराठीत स्थिरावला.

दैनंदिन अभ्यास

स्टोइक तत्त्वज्ञान वाचून संपत नाही, ते करावे लागते. सेनेकाने क्रोधावरील ग्रंथात एक सवय सांगितली आहे : दिवा मालवल्यावर, घर शांत झाल्यावर, सबंध दिवसाची झडती घ्यावी. आज कोठे चुकलो, कोणाला अकारण बोललो, उद्या काय सुधारता येईल. यात स्वतःला शिक्षा करणे नाही. दिवसभर पाच-सहा तासिका घेऊन, परीक्षेची कामे उरकून घरी आलेल्या प्राध्यापकासही ही सवय दहा मिनिटांत करता येण्याजोगी आहे.

दुसरा दृष्टान्त धनुर्धराचा. तो सिसेरोने नोंदवला आहे. नेम धरणे, दोरी ताणणे, बाण सोडणे हे धनुर्धराचे. बाण सुटल्यावर वारा आला किंवा लक्ष्य हलले, तर ते त्याचे नव्हे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना या दृष्टान्ताचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. जागा मोजक्या आणि उमेदवार असंख्य. एका यादीत नाव नसणे आणि आपण नालायक असणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे मानणारा विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात आढळतो. गीतेतील कर्म आणि फल यांचा विचार त्याने लहानपणापासून ऐकलेला असतो, पण तो सुविचार म्हणून. स्टोइक मांडणीचा लाभ असा की ती प्रयत्नाचीही तपासणी मागते : नेम खरोखर धरला होता का?

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक संकल्पाला जोडलेली अट. उद्या प्रवासास निघेन, आडवे काही आले नाही तर. स्टोइकांनी ही अट जाणीवपूर्वक शिकवली. बालाघाटाच्या माथ्यावरील शेतकऱ्याच्या तोंडी ती मुळातच असते. 'पाऊस झाला तर कापूस लावू' या वाक्यात 'तर' आधीपासून बसलेला आहे. १९७२चा दुष्काळ आणि अलीकडच्या २०१२–१३, २०१५–१६ व २०१८ या वर्षांची टंचाई अनुभवलेल्या प्रदेशाला एपिक्टेटसकडून हा धडा घेण्याची आवश्यकता नाही.

रेषा कोणी ओढावी?

खरी अडचण येथून पुढे आहे. 'आपल्या अधीन नसलेले सोसावे' हे वाक्य कोण कोणाला सांगतो, यावर त्याचा अर्थ पालटतो.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली 'उचल' फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दिवस बुडाला तर 'खाडा' पडतो. २०१९मध्ये या मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न ऐरणीवर आला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. कामाचा दिवस बुडू नये ही निकड, फडावर पाणी व शौचालयाचा अभाव आणि कर्करोगाची घातलेली भीती अशी अनेक कारणे त्यामागे होती. कित्येक वर्षे हे सारे 'बाईच्या जातीचे भोग' या सदरात जमा होते. प्रश्न उघड झाल्यावर जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. जे एका स्त्रीच्या अधीन नव्हते, ते व्यवस्थेच्या अधीन होतेच.

अशा ठिकाणी फडावरच्या स्त्रीला तितिक्षा शिकवणारा वक्ता स्टोइक ठरत नाही. स्टोइक ग्रंथांतील उपदेशाची दिशा तपासली असता ती बहुतांशी उलटी दिसते. एपिक्टेटसच्या पाठशाळेत पुढे अधिकारपदांवर जाणारी सधन घरांतील मुले होती. एक माजी दास त्यांना संयम शिकवत होता. सेनेकाची १२४ पत्रे ल्युसिलियस या रोमन अधिकाऱ्यास लिहिलेली आहेत आणि त्यांतील ४७वे पत्र दासांना माणूस म्हणून वागवण्याविषयी आहे. त्याने दासप्रथाच मोडावी असे म्हटले नाही, ही त्याची मर्यादा. ती लपवण्याचे कारण नाही. मार्कस तर स्वतःशीच बोलत होता. सत्ताधाऱ्याने दुर्बलास 'हे तुझ्या हातात नाही' असे सांगावे, हा या ग्रंथांचा उद्देश नव्हता. आपल्यापुरती रेषा आपणच ओढावी आणि परिस्थिती बदलली की ती पुन्हा तपासावी, एवढाच या भेदाचा न्याय्य उपयोग संभवतो.

न्याय हा स्टोइकांच्या चार सद्गुणांपैकी एक आहे, हे विस्मरणात जाते. हायरोक्लीज या विचारवंताने माणसाभोवती वर्तुळे कल्पिली : स्वतः, घर, आप्त, गावकरी, शेवटी सारी मानवजात, आणि बाहेरचे वर्तुळ एकेक पाऊल आत ओढावे असे सुचवले. भावकीच्या वर्तुळातच अडकलेल्या सार्वजनिक जीवनाला ही सूचना आजही अवघड वाटेल.

अंबाजोगाईच्याच इतिहासात याचे एक उदाहरण आहे. व्यंकटेश खेडगीकर यांनी १९३२मध्ये संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे ते या गावी, निजामी राजवटीतील मोमिनाबादला, योगेश्वरी शाळेत अध्यापक म्हणून आले. निजामाची सत्ता एका शाळामास्तराच्या अधीन नाही, असे म्हणणे त्या काळी पूर्ण व्यवहार्य ठरले असते. स्वामीजींनी १९३८मध्ये सत्याग्रह केला, कारावास भोगला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त होईपर्यंत लढ्याचे नेतृत्व केले. ते स्टोइक नव्हते. परंतु स्वतःच्या सुखाविषयी विरक्ती आणि इतरांवरील अन्यायाविषयी अविरक्ती एकाच माणसात कशी नांदते, हे विद्यार्थ्याला रोमपर्यंत न जाता पाहता येते.

अध्यापनातील एक धोका

प्राचीन स्टोइकांनी विशिष्ट परिस्थितीत स्वेच्छामरण ग्राह्य मानले होते आणि सेनेकाचा अंत सम्राट नीरोच्या आज्ञेने त्याच मार्गाने झाला. शेतकरी आत्महत्यांचे दुःख ज्या जिल्ह्याच्या घराघरांना ठाऊक आहे, तेथे हा भाग शौर्यकथेच्या सुरात सांगणे अक्षम्य होय. तो गाळू नये. इतिहास म्हणून, त्या काळाच्या राजकीय जुलमासह सांगावा. एखादा विद्यार्थी खरोखर खचलेला दिसल्यास त्याला ग्रंथ नव्हे, तर समुपदेशक व डॉक्टर यांच्याशी जोडून द्यावे. एलिस यांनीदेखील एपिक्टेटसचे रूपांतर उपचारात केले ते वर्षानुवर्षांच्या वैद्यकीय कामातून, केवळ वाचनातून नव्हे.

वर्गात हा विषय घेताना फळ्यावर दोन रकाने आखण्याची पद्धत सोयीची आहे : अधीन आणि अनधीन. पाऊस, आईवडिलांचे वय, परीक्षेचा निकाल यांची जागा विद्यार्थी लगेच ठरवतात. पण ज्याचे आईवडील फडावर आणि जो स्वतः आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहून शिकला, असा विद्यार्थी 'उचल' हा शब्द कोणत्या रकान्यात घालेल? वडिलांपुरता तो शब्द उजव्या रकान्यात बसतो. शंभर कुटुंबांनी एकत्र येऊन करार मागितला तर तो मधल्या रेषेवर येऊन ठेपतो. त्या क्षणी अध्यापकाने खडू विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि बाजूला उभे राहावे.