द स्मिथ्स

द स्मिथ्स हा इंग्लंडमधील मँचेस्टर शहरातील गिटारप्रधान पॉप संगीतसमूह होता. १९८२ ते १९८७ या अवघ्या पाच वर्षांच्या काळात त्याने चार स्टुडिओ आल्बम ध्वनिमुद्रित केले. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचे पाठबळ नसताना ब्रिटनच्या राष्ट्रीय विक्रीयादीत अग्रस्थान मिळवणाऱ्या समूहांत त्याची गणना होते.

'स्वतंत्र' या विशेषणाचा अर्थ

येथे 'स्वतंत्र' हा शब्द मुळात संगीताच्या शैलीला नव्हे, तर वितरणाच्या व्यवस्थेला उद्देशून आहे. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये स्वतंत्र ध्वनिमुद्रिकांची वेगळी विक्रीयादी प्रसिद्ध होऊ लागली. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून दुकानांत पोहोचलेली असावी, एवढीच तिची अट होती. गाणे कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहिले जात नसे. 'इंडी' हा शब्द गिटारच्या विशिष्ट नादाशी जोडला गेला तो नंतर, आणि त्यास या समूहाचे यश बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

स्थापना

१९८२ मध्ये अठरा वर्षांचा गिटारवादक जॉनी मार हा स्ट्रेटफर्ड येथे राहणाऱ्या मॉरिसी या तरुणाच्या घरी गेला आणि दोघांनी एकत्र गीतरचना सुरू केली. चाल मारची, शब्द आणि गायन मॉरिसीचे, अशी विभागणी अखेरपर्यंत कायम राहिली. पुढे माइक जॉइस (ड्रम) व अँडी रूर्क (बेस गिटार) सामील झाले. इंग्लंडमध्ये सर्वांत सामान्य असलेले आडनाव समूहाने मुद्दाम स्वीकारले. तो काळ सिंथेसायझरचा आणि भारदस्त नावांचा होता, हे लक्षात घेतल्यास या निवडीतील खोच कळते.

उदय

कपड्यांचे दुकान चालवणारे जो मॉस हे पहिले व्यवस्थापक. 'हँड इन ग्लव्ह' या पहिल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा सुमारे २५० पौंडांचा खर्च त्यांनीच केला. मार व रूर्क ती टेप घेऊन लंडनला गेले आणि 'रफ ट्रेड'चे जेफ ट्रॅव्हिस यांना त्यांनी ती ऐकवली. १९७६ मध्ये तबकड्यांचे दुकान म्हणून सुरू झालेली ही संस्था आता स्वतःच तबकड्या काढू लागली होती. मे १९८३ मध्ये गाणे प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय यादीत त्यास स्थान मिळाले नाही. स्वतंत्र यादीत मात्र ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

खरा हातभार लावला तो नभोवाणीने. जॉन पील यांच्या बीबीसीवरील कार्यक्रमासाठी त्याच महिन्यात समूहाचे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि ज्या गावांत समूह कधी गेलाही नव्हता, तेथील श्रोत्यांपर्यंत तो पोहोचला. 'धिस चार्मिंग मॅन' हे गाणे राष्ट्रीय यादीत पंचविसावे आले. नोव्हेंबर १९८३ मध्ये 'टॉप ऑफ द पॉप्स' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात मॉरिसी हाती ग्लॅडिओलसची फुले घेऊन गायला. फेब्रुवारी १९८४ मधील पहिला आल्बम दुसऱ्या क्रमांकावर गेला. फेब्रुवारी १९८५ मधील 'मीट इज मर्डर' प्रथम क्रमांकावर.

मारच्या वादनात लांबलचक एकल वादनाला जवळजवळ स्थान नाही. सुटे केलेले स्वर एकावर एक रचून तो गाण्याचा पोत विणतो. त्याच्या पुढच्या पिढीतील गिटारवादकांनी सर्वाधिक अनुकरण केले ते याच गोष्टीचे.

मतभेद व विघटन

छोट्या संस्थेशी असलेले नाते जसे बळ देणारे, तसेच जाचकही ठरले. 'द क्वीन इज डेड' हा आल्बम रफ ट्रेडशी उद्भवलेल्या कायदेशीर वादामुळे अनेक महिने अडकून पडला व जून १९८६ मध्ये बाहेर आला. त्यानंतर समूहाने ईएमआय या बड्या कंपनीशी करार केला. परंतु १९८७ मध्ये मार बाहेर पडल्याने तिच्यासाठी एकही नवा आल्बम झाला नाही. अखेरचा 'स्ट्रेंजवेज, हिअर वी कम' हा आल्बम रफ ट्रेडनेच काढला.

रफ ट्रेडच्या करारावर केवळ मॉरिसी व मार यांच्या सह्या होत्या. ध्वनिमुद्रणाच्या उत्पन्नातील प्रत्येकी ४० टक्के त्या दोघांना आणि प्रत्येकी १० टक्के रूर्क व जॉइस यांना मिळत. ही वाटणी चौघांत लेखी ठरलेली नव्हती. रूर्कने तडजोड स्वीकारली. जॉइस न्यायालयात गेला. १९९६ मध्ये १८९० च्या भागीदारी कायद्याच्या आधारे निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि चौथ्या हिश्शावरील त्याचा हक्क मान्य झाला. मॉरिसीचे अपील १९९८ मध्ये फेटाळण्यात आले. रूर्कचे मे २०२३ मध्ये निधन झाले.