नदीकाठची नगरे (९) : कुकडीकाठचे जुन्नर

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सह्याद्रीतून पूर्वेकडे उतरणाऱ्या नद्यांची खोरी एकाला एक लागून आहेत. जुन्या कागदपत्रांत त्यांना ‘नेर’ म्हटले आहे: कुकडीचे कुकडनेर, मीनेचे मीननेर, घोडीचे घोडनेर, त्याखाली भीमनेर आणि भामनेर. पुण्याच्या पश्चिमेला ज्याला मावळ म्हणतात तेच इकडे नेर. प्रत्येक नेराच्या माथ्यावर कोकणात उतरणारी एखादी वाट, मधे भाताची खाचरे आणि पूर्वेला बाजरीचे उघडे रान. कुकडनेरात, नदीच्या दक्षिण काठावर, शिवनेरीच्या पायथ्याशी जुन्नर शहर वसले आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ ते वसलेले आहे, आणि या काळात त्याच्यावर ज्यांनी ज्यांनी सत्ता चालवली त्यांना दोन गोष्टी हातात ठेवाव्या लागल्या: पश्चिमेचा घाट आणि कुकडीचे पाणी. आधी घाटाचे महत्त्व मोठे होते. गेल्या पन्नास वर्षांत ते पाण्याकडे गेले. जुन्नरच्या कारभाराचा इतिहास हा या बदलाचा इतिहास आहे.

कुकडी चावंड किल्ल्याजवळ पूर गावी, कुकडेश्वराच्या प्राचीन देवळापाशी उगम पावते. जुन्नरवरून पुढे ओझरच्या विघ्नहराला वळसा घालून ती शिरूर-पारनेरच्या शिवेकडे जाते, निघोजजवळच्या कातळात रांजणखळगे कोरते आणि घोडीला मिळते. घोड पुढे भीमेला जाते. उगमापासून थोड्याच अंतरावर नाणेघाट आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल देशावर चढवण्याची ही जवळची वाट होती. घाट चढून आलेल्या तांड्याला पहिला मोठा मुक्काम, पाणी आणि बाजार मिळे तो जुन्नरला.

घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी असे सारे आकड्यांसह नोंदलेले आहे. भारतात अंकचिन्हे वापरलेल्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. त्याच लेण्यात सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि घराण्यातील इतरांचे पुतळे कोरलेले होते. आज तिथे फक्त पावलांच्या खुणा आणि डोक्यावरची नावे उरली आहेत. राजघराण्याने आपल्या प्रतिमा राजधानीत न बसवता घाटाच्या तोंडाशी बसवल्या, यावरून त्या वाटेची किंमत कळते. घाटमाथ्यावरचा मोठा दगडी रांजण जकातीचा म्हणून ओळखला जातो. ही परंपरेने आलेली समजूत आहे, पण अशा जागी जकात घेतली जात असणार यात शंका घेण्यासारखे काही नाही.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरी येथे, मिळून दोनशेच्या आसपास बौद्ध लेणी खोदलेली आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी महाराष्ट्रात इतरत्र नाहीत. त्यांतले दानलेख वाचले की नगराचा कारभार कोण चालवत होते ते दिसते, कारण दान देणारे बहुतेक व्यापारी, कारागीर आणि त्यांच्या श्रेणी आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान दिली. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींची नावेही लेखांत आहेत. काही दात्यांनी आपली शेते, करंजाची आणि वडाची झाडे लावलेल्या जमिनींसह, श्रेणीकडे ठेव म्हणून लावून दिली. त्या उत्पन्नातून भिक्षूंचा खर्च चाले. म्हणजे श्रेणी ही नुसती धंद्याची संघटना नव्हती. ती ठेव सांभाळणारी, शब्द पाळणारी आणि पिढ्यान् पिढ्या टिकेल असा भरवसा असलेली संस्था होती. दात्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणवणारे तिघे आहेत: इरिल, चिट आणि चंद. नावांवरून दोघे इथे चांगलेच रुळलेले वाटतात.

राजसत्तेचा अधिकारी या लेखांत एकदाच ठळक दिसतो. मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने वर्ष ४६ मध्ये पोढी आणि मंडप करून दिल्याचा लेख आहे. अमात्याने पाण्याचे टाके खोदून द्यावे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. लेण्याच्या दाराशी कातळात उतरत गेलेली, पावसाने भरणारी आणि उन्हाळ्यातही गार राहणारी ही टाकी आज शिवनेरीवर जाणाऱ्यांच्या ओळखीची आहेत. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव करून हा मुलूख परत घेतला. नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या हजारो नाण्यांत नहपानाच्या नाण्यांवर सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी जुन्नरला केलेल्या उत्खननातही सातवाहनकालीन वस्तीचे थर मिळाले आहेत.

त्यानंतरच्या कित्येक शतकांविषयी थोडेच बोलता येते. यादवांच्या काळात शिवनेरी हा नांदता किल्ला होता आणि १४४३ च्या सुमारास तो बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जारच्या हाती गेला. बहमनी काळातले जुन्नर मात्र एका परक्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्याला मिळते. त्वेर या रशियन शहराचा व्यापारी अफनासी निकीतीन १४७० च्या आसपास चौलला उतरून घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळाभर अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि सर्वत्र चिखल, असे तो लिहितो. याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात याचे त्याला नवल वाटले. घोड्यांना हरभरा खाऊ घालतात, परदेशी व्यापारी धर्मशाळांत उतरतात आणि तिथे बायका त्यांचा स्वयंपाक करतात, हेही त्याने नोंदवले. त्याने विकायला आणलेला घोडा इथला सुभेदार असद खान याने काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा आणि वर हजार मोहरा, नाहीतर दोन्ही जाणार, असा पेच टाकून चार दिवसांची मुदत दिली. खुरासानहून आलेल्या एका ख्वाजाने रदबदली केली म्हणून घोडा परत मिळाला. अरबस्तानातून येणारा घोडा हा त्या काळी दख्खनच्या लष्कराचा कणा होता आणि घाटमाथ्यावरच्या सुभेदाराची नजर पहिल्याने त्याच्यावरच पडे.

जुन्नर पूर्ण अर्थाने राजधानी झाले ते त्यानंतर वीस वर्षांनी. बहमनी वजिराचा मुलगा मलिक अहमद याच्याकडे जुन्नरचा सुभा होता. त्याने १४९० मध्ये स्वतंत्र राज्य जाहीर केले आणि निजामशाही जुन्नरला सुरू झाली. पण दौलताबादवर त्याचा डोळा होता आणि जुन्नरहून दर वेळी तिथवर फौज नेणे दूर पडे. १४९४ मध्ये त्याने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध, सीनेकाठी, अहमदनगर वसवायला घेतले. राजधानी गेली तरी घाट होता तिथेच होता, त्यामुळे जुन्नर ओस पडले नाही. निजामशाही मोडकळीला आली तेव्हा मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात निजामशहाची गादी काही वर्षे पुन्हा जुन्नरला आणली. मग १६१० च्या सुमारास तो खडकीकडे वळला. शहराबाहेर हापूसबागेतला हबशी महाल आणि सौदागर घुमट ही त्या काळाची उभी साक्ष आहे. १६२७ मध्ये बंडखोर शाहजादा खुर्रम जुन्नरलाच तळ देऊन होता. जहांगीर वारल्याची बातमी घेऊन आसफ खानाचा जासूद नोव्हेंबरात येथे पोचला आणि खुर्रम, म्हणजेच शाहजहान, बादशहा होण्यासाठी येथूनच आग्र्याकडे निघाला.

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. शहाजीराजांनी धामधुमीत जिजाऊंसाठी हा किल्ला निवडला. मजबुती हे एक कारण आणि किल्लेदार विश्वासराव घराण्याशी सोयरीक हे दुसरे. शहाजीराजांनी उभी केलेली निजामशाही बुडाल्यावर १६३७ मध्ये किल्ला आणि शहर मोगलांकडे गेले. पुढची सव्वाशे वर्षे, थोडा काळ सोडला तर, जुन्नर हे सरहद्दीवरचे मोगली ठाणे राहिले. ठाण्याची गरज कारभाराला भारी पडते: शहर पोसण्यापेक्षा फौज पोसणे आधी येते. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवाजी महाराज रात्री दोरांच्या शिड्या लावून तटावरून आत उतरले आणि तीन लाख होन व दोनशे घोडे घेऊन गेले. जन्मस्थान असलेला किल्ला मात्र त्यांना त्यांच्या हयातीत मिळाला नाही. १६७० नंतर केलेले प्रयत्न फसले. डोंगरातल्या महादेव कोळ्यांनीही मोगली अंमलाविरुद्ध हत्यार उचलले होते. त्या उठावाचा मोड करताना झालेल्या कत्तलीची आठवण शिवनेरीवरचा कोळी चौथरा जपतो. १६७५ मध्ये इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून जुन्नरला आला आणि किल्लाही पाहून गेला. त्याच्या वर्णनातून उतरते ते सतत सावध असलेले, वर्दी आली की पळायच्या तयारीत असलेले शहर.

अठराव्या शतकाच्या मध्यानंतर पेशव्यांनी शिवनेरी घेतला. प्रांत जुन्नरचा वसूल आता पुण्याच्या दफ्तरात जमा होऊ लागला. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यावर देशमुख-देशपांडे आणि त्यांच्या डोक्यावर सरकारी कमाविसदार अशी रचना होती. त्या दफ्तराशी जुन्नरचे नाते वसुलाइतकेच कागदाचेही होते. जुन्नरी कागद हा पेशवाईत नावाजलेला होता आणि तो बनवायला कुकडीचे पाणी लागे. जुने गोणपाट आणि दोर बारीक तोडायचे, चुन्यात मुरवायचे, पायाने चालवायच्या ढेकीत कुटायचे आणि लगदा नदीत धुऊन काढायचा. मग तो हौदात कालवून गवताच्या काड्यांच्या चाळणीवर एकेक पातळ थर उचलायचा. दाबून पाणी काढलेले ताव गिलाव्याच्या भिंतीला चिकटवून वाळवायचे, त्यांना खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरूची शाई फुटत नसे. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर एकोणिसाव्या शतकात हा धंदा बसला. महाराष्ट्राच्या इतिहासाची साधने ज्या तावांवर उभी आहेत त्यांतले कितीतरी या नदीत धुतलेले आहेत, आणि जुन्नरच्या ओळखीत याला आज मिळते त्यापेक्षा मोठी जागा हवी.

१८१८ च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या फौजेने शिवनेरी, चावंड, जीवधन हे किल्ले घेतले आणि जुन्नर पुणे जिल्ह्यातला एक तालुका झाला. इंग्रजांना तटबंदीचे शहर नको होते, मोजलेली जमीन हवी होती. प्रांताचा सुभेदार गेला, मामलेदार आला. पुढे पुण्यावरून नाशिकला जाणारा रस्ता जुन्नरला बगल देऊन पूर्वेकडून, मीनेकाठच्या नारायणगावावरून गेला. घाटमाथ्यावरची वर्दळ थंडावली आणि नाणेघाट भटक्यांची वाट झाला. कोकणात उतरायला मोटारींना माळशेज घाट मिळाला. तोही शहरापासून बाजूलाच.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या आणि १९६५ च्या कायद्याने नगरपालिकांची ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी वर्गवारी झाली. सुमारे २५ हजार वस्तीचे जुन्नर ‘क’ वर्गात येते. शहरापुरता कारभार नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी पाहतात, तालुक्याचा महसूल तहसीलदार, आणि जुन्नर-आंबेगावचे प्रांत कार्यालय मंचरला आहे. बाजार मात्र महामार्गावर आहे. जुन्नर बाजार समितीच्या आवारांपैकी नारायणगावचे टोमॅटोसाठी राज्याबाहेरही माहीत आहे. नारायणगावाला लागून मीनाकाठी असलेली वारूळवाडी पाहणाऱ्याला आता वेगळी ओळखू येत नाही. घरे, दुकाने, शाळा सलग झाली आहेत, पण ग्रामपंचायती दोन. तालुक्यातली सर्वांत गजबजलेली वस्ती अशी ग्रामपंचायतींच्या अखत्यारीत, आणि नगरपालिका त्यामानाने शांत असलेल्या जुन्नरला, ही विसंगती आहे. वाहतूक, कचरा, सांडपाणी या शहरी प्रश्नांना ग्रामपंचायतीचा निधी आणि अधिकार पुरत नाहीत. नद्यांची तब्येत ज्यांना सुधारायची आहे त्यांना आधी हा गुंता सोडवावा लागेल.

पाण्याचा कारभार मात्र नगरपालिका किंवा ग्रामपंचायती यांच्या हातात नाही. कुकडी प्रकल्पात पाच धरणे येतात: कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे आणि घोडीवर आंबेगाव तालुक्यातले डिंभे. डिंभ्याच्या जलाशयात मूळचे आंबेगाव गाव बुडाले. तालुक्याने नाव तेच ठेवले आणि कचेरी घोडेगावला आहे. जुन्नरच्या वरच्या अंगाला असलेल्या माणिकडोहाचा साठा सुमारे १० टीएमसी, डिंभ्याचा त्याहून मोठा. पाणी येडगावला एकत्र येते आणि तिथून डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. सात तालुके आणि तीन जिल्हे यांच्यात हे पाणी वाटायचे असते.

त्यासाठी कालवा सल्लागार समिती बसते. पावसाळा संपला की साठा पाहून रब्बीची आणि मग उन्हाळ्याची आवर्तने ठरतात. पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे, मग शेतीचे. नारायणगावच्या पाटबंधारे कार्यालयातून दारे उघडायची तारीख निघते आणि ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो करणारा शेतकरी तिच्यावर डोळा ठेवून असतो. शेवटाकडचे म्हणतात, पाणी आमच्यापर्यंत पोचतच नाही. वरचे म्हणतात, धरणासाठी जमिनी आमच्या गेल्या आणि एप्रिलमध्ये आमच्याच विहिरी कोरड्या. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात नेण्याच्या योजनेवरून आंबेगाव आणि लाभक्षेत्राचे खालचे तालुके समोरासमोर उभे राहिले ते यामुळेच. आदिवासी पट्ट्यातल्या ज्या वाड्या या जलाशयांच्या काठावर आहेत, त्यांना या समितीत बोलायला जागा थोडी मिळते, आणि उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी वाहण्याची वेळ पहिल्याने त्यांच्यावर येते.

२०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला आणि जुलै २०२५ मध्ये शिवनेरीसह बारा किल्ल्यांचा ‘मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. किल्ला आणि लेणी यांची देखभाल पुरातत्त्व खात्याकडे, भोवतीचे डोंगर वन खात्याकडे, रस्ता बांधकाम खात्याकडे, पायथ्याचे शहर नगरपालिकेकडे आणि नदी जलसंपदा खात्याकडे, अशी आजची वाटणी आहे. शिवजयंतीला आणि सुट्ट्यांना येणाऱ्या गर्दीसाठी या पाचही यंत्रणांना एकत्र बसावे लागते.