मेंदूचे श्वेतद्रव्य आणि कोलेस्टेरॉल

कोलेस्टेरॉलचे नाव निघाले, की हृदयविकाराची धास्ती मनात उभी राहते. पण या स्निग्ध द्रव्याचे मोठे कोठार मेंदूत आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. शरीरातील कोलेस्टेरॉलचा मात्र जवळजवळ पाचवा हिस्सा त्याच्यापाशी असतो. रक्तातील कोलेस्टेरॉल तेथे सहसा शिरत नाही. मेंदू आपल्यापुरते आपणच तयार करतो. तेव्हा ताटातील तुपाला येथे दोष देण्याचे कारण नाही.

हे कोलेस्टेरॉल बहुतांशी गुंतलेले असते ते मज्जातंतूंवरील आवरणात. विजेच्या तारेवर वेष्टन असावे, तसे ते थरावर थर गुंडाळलेले असते आणि त्यामुळेच संदेश वेगाने धावतात. १८५४ साली जर्मन वैद्य रुडोल्फ फिरखो यांनी त्यास मायेलिन हे नाव दिले. त्याच्या शुभ्रपणामुळे मेंदूच्या त्या भागास श्वेतद्रव्य म्हणतात.

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात हे आवरण ठिकठिकाणी उखडते. दृष्टी मंदावते, पाय लटपटू लागतात. नवे आवरण चढावयाचे, तर आधी जुन्याचा चुरा उचलला गेला पाहिजे. हे काम मायक्रोग्लिया या रक्षक पेशींचे. स्पेनमधील पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांची ओळख पटवली. या पेशी चुरा गिळतात, त्यातील प्रथिने पचवतात; कोलेस्टेरॉलचा सांगाडा मात्र त्यांना मोडता येत नाही. तो वाहक प्रथिनांच्या स्वाधीन करून बाहेर धाडणे, एवढाच मार्ग उरतो.

तरुण वयात हे सुरळीत चालते. नव्या आवरणासाठी ते कोलेस्टेरॉल पुन्हा उपयोगीही पडते. वार्धक्यात गाडी अडते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत वृद्ध उंदरांच्या या पेशींत कोलेस्टेरॉल इतके साठले, की त्याचे स्फटिक बनले. त्या स्फटिकांनी पेशीतील पाचक पिशव्या फाटल्या, दाह पेटला आणि डागडुजी खोळंबली. कोलेस्टेरॉल बाहेर टाकण्यास उत्तेजन देणारे औषध दिल्यावर त्या उंदरांत आवरण पुन्हा चढू लागले, हे विशेष.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे खरेच. शिवाय कोलेस्टेरॉलची निर्मिती घटवणे निराळे आणि साठलेले बाहेर काढणे निराळे. निर्मिती घटवणाऱ्या सिम्व्हास्टॅटिनची ब्रिटनमध्ये या रोगाच्या बळावत जाणाऱ्या अवस्थेतील रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्याने अपंगत्वाची वाढ मंदावली नाही, असे २०२४ साली जाहीर झाले.